प्रवासी व्हिसावर आलेल्या परदेशी जोडीदाराशी भारतात विवाह : कायदा, कागद आणि अनुभव

मृण्मयी_पुणे

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज येथे मांडते आहे. मी पुण्याची. शिकत असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी भाषेचे वर्ग केले, पुढे त्या भाषेच्या जोरावर दुभाषी म्हणून नोकरी लागली आणि कामानिमित्त दोन वर्षे नागोयाला राहिले. तेथेच माझी आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याची ओळख झाली. तो जपानी नागरिक आहे. घरच्यांचा होकार मिळायला दीड वर्ष गेले, पण आता आई-बाबा मनापासून राजी आहेत. लग्न पुण्यातच व्हावे आणि माझी आजी हिंडती-फिरती आहे तोवर व्हावे, अशी सर्वांची इच्छा आहे.

तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. त्याला पाच आठवड्यांपेक्षा जास्त रजा मिळणार नाही. मंगेतरासाठी म्हणून वेगळा भारतीय व्हिसा मला कोठे सापडला नाही, त्यामुळे तो प्रवासी व्हिसावरच येणार आहे. बाबांनी २२ फेब्रुवारीसाठी मंगल कार्यालय बोलून ठेवले आहे आणि गुरुजीही ठरले आहेत. बाबांचे म्हणणे असे की सप्तपदी झाली की लग्न झाले, नोंदणी नंतर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात सवडीने करता येईल. माझ्या एका मैत्रिणीने मात्र मला पार घाबरवून सोडले आहे. प्रवासी व्हिसावर येऊन लग्न करणे बेकायदा आहे आणि त्याला विमानतळावरूनच परत पाठवतील, असे ती म्हणते.

यातले खरे काय? पाच आठवड्यांत हे सारे बसेल का? आणि लग्नानंतर त्याला येथे राहायचे झाले, तर परत जाऊन नवा व्हिसा काढावा लागतो का? ज्यांनी हे केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सौदामिनी

मृण्मयी, मी वकील आहे आणि कौटुंबिक प्रकरणे हाताळते, म्हणून क्रमाने सांगते.

मैत्रिणीची भीती खरी नाही. प्रवासी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने भारतात लग्न करू नये, असे आपला विवाहाचा कोणताही कायदा सांगत नाही. विवाह अधिकारी वय पाहतो, आधीचा विवाह अजून चालू नाही ना आणि नाते निषिद्ध नाही ना हे पाहतो, आणि दोघांची संमती पाहतो. व्हिसा चालू असला पाहिजे, एवढेच.

बाबांचा मार्ग मात्र चुकीचा आहे, आणि हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त घोटाळे येथेच होतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. या कायद्याच्या अर्थाने बौद्ध, जैन आणि शीखही हिंदू धरले जातात. तुमचा जोडीदार यांपैकी कोणी नाही, असे धरून मी लिहिते आहे. एक पक्ष हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती असताना त्या कायद्याखाली झालेला विवाह वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. क्षेत्रीय कार्यालयात १९९८ च्या राज्य कायद्याखाली जी नोंदणी होते, ती झालेल्या विवाहाची नोंद असते. मुळात जो विवाह कायद्याने झालाच नाही, त्याला ती नोंद उभा करू शकत नाही.

तुमच्यासाठी योग्य कायदा म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात दोन वेगवेगळे तीस दिवस आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिले तीस दिवस वास्तव्याचे. विवाह अधिकाऱ्याला विवाहाच्या इच्छेची लेखी नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेले असावे लागते. तुम्ही पुण्याच्याच असल्याने ही अट तुमच्यापुरतीच पूर्ण झाली तरी पुरते, जोडीदाराने आधी महिनाभर येऊन राहण्याची गरज नाही. दुसरे तीस दिवस हरकतींचे. नोटीस प्रसिद्ध झाली की तीस दिवस थांबायचे, कोणाची वैध हरकत आली नाही की विवाह लावता येतो. मात्र नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही, तर ती रद्द होते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

आता तुमचा हिशेब करा. तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आला, दोन-तीन दिवसांत नोटीस दिली, की तीस दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपतात, आणि तेव्हा त्याचे परतीचे विमान असेल. एक कागद कमी पडला की सगळे कोसळेल. त्यापेक्षा त्याला नववर्षाच्या सुट्टीत चार-पाच दिवस येता येईल का ते पाहा. नोटीस तेव्हाच द्या. ३० डिसेंबरला नोटीस दिली, तर जानेवारीअखेर हरकतीचा काळ संपतो आणि मार्चच्या शेवटापर्यंत केव्हाही विवाह लावता येतो. एक वर्षाच्या ई-प्रवासी व्हिसावर अनेक वेळा येता-जाता येते, आणि जपानच्या नागरिकांना त्यावर एका वेळी १८० दिवसांपर्यंत राहता येते, त्यामुळे दोन्ही फेऱ्या एकाच व्हिसावर होतील. विमानतळावर आगमनावेळी मिळणारा साठ दिवसांचा व्हिसा जपानी नागरिकांना उपलब्ध आहे, परंतु या कामासाठी तो निवडू नका.

भाऊसाहेब

थोडक्यात, आधी सरकारी कार्यालय आणि मग मंगल कार्यालय. हा क्रम बाबांना समजावून सांगा, मग दोन्ही सोहळे आनंदाने होतील.

श्रीरंगकाका

सौदामिनीताईंनी सांगितलेले अक्षरशः खरे आहे. मी एका मुलीचा बाप म्हणून लिहितो, कारण माझ्या मुलीचे लग्न एका फ्रेंच मुलाशी याच कायद्याने झाले, आणि मृण्मयीच्या बाबांच्या जागी काही वर्षांपूर्वी मी होतो.

मला सर्वांत जड गेले ते नोटीस लावणे. कार्यालयाच्या व्हरांड्यात काचेचे कपाट असते. त्यात एकाखाली एक कागद टाचण्यांनी लावलेले, प्रत्येक कागदावर दोघांची छायाचित्रे, नावे, वये, घरचे पत्ते. माझ्या लेकीचा फोटो तेथे येणारा-जाणारा कोणीही पाहणार, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही. महिनाभरात कोणी काही बोलले नाही, हरकत आली नाही, पण मी मात्र एकदा मुद्दाम जाऊन ते कपाट बघून आलो. तिच्या कागदाच्या डाव्या बाजूची टाचणी निघाली होती आणि कागद वाऱ्याने दुमडला होता. शिपायाला सांगून मी तो नीट लावून घेतला. त्या क्षणी मला कळले की मी या लग्नाला केवळ होकार दिलेला नाही, ते व्हावे असे मला मनापासून वाटते आहे.

लग्नाच्या दिवसाबद्दल एक गोष्ट सांगतो. साक्षीदार तीन लागतात आणि त्यांच्या सह्या आधी घोषणापत्रावर आणि नंतर प्रमाणपत्रावर होतात. विधी कोणताही असो किंवा नसो, वधूवरांनी विवाह अधिकारी आणि साक्षीदार यांच्या समक्ष एकमेकांना ‘मी तुला कायदेशीर पत्नी म्हणून, पती म्हणून स्वीकारतो, स्वीकारते’ असे म्हणणे बंधनकारक आहे. त्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. कायदा म्हणतो की हे वाक्य दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हणावे. आमच्या जावयाने ते मराठीत पाठ केले होते, ‘स्वीकारतो’मधला ‘स्वी’ त्याला जमेना, तेव्हा अधिकारीबाईंनी स्वतः त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. खोलीत पाचसहा माणसे होती, पंखा घरघरत होता, बाहेर मुद्रांकांची रांग होती. पण माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गंभीर क्षण होता. सनई-चौघड्यांचा समारंभ दोन दिवसांनी झाला, तोही सुंदर झाला, पण माझ्या डोळ्यांत पाणी आले ते त्या कार्यालयात.

विक्रांत_७८

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. आर्य समाजाच्या मंदिरात शुद्धीचा विधी करून वराला हिंदू करून घेता येते आणि त्याच दिवशी वैदिक विवाह लावून प्रमाणपत्र मिळते. आर्य समाजी विवाहांना १९३७ च्या कायद्याचा आधार आहे. माझ्या ओळखीत दोन विवाह असे झाले असून दोन्ही संसार सुखाने चालले आहेत. तीस दिवसांची नोटीस, फोटो भिंतीवर, हे सारे टळते. मृण्मयीच्या आजींच्या दृष्टीनेही हाच मार्ग सोपा आहे.

ईशा_कल्याण

विक्रांतदादा, मी अत्यंत नम्रपणे पण ठाम असहमती नोंदवते. माझ्या भावाने हेच केले. वधू युरोपातली होती. मध्यस्थाने एका दिवसात सर्व करून देतो म्हणून भरपूर पैसे घेतले. धर्मांतराचा विधी झाला, हार घातले, प्रमाणपत्र हातात आले. वहिनीच्या देशाच्या दूतावासाने मात्र विचारले की धर्मांतर स्वेच्छेने झाले याचा पुरावा काय, आणि ज्या दिवशी धर्मांतर त्याच दिवशी विवाह कसा. पुढचे आठ महिने ते दोघे कागद गोळा करत राहिले आणि शेवटी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोटीस देऊन पुन्हा लग्न केले. प्रमाणपत्रावर दुसरी तारीख आली, तेव्हा आईला वाटले की पहिले लग्न खोटे ठरले. त्या माउलीला समजावताना आम्हा सर्वांची फार ओढाताण झाली.

ज्याला खरोखर हिंदू धर्म स्वीकारायचा आहे, त्याने तो जरूर स्वीकारावा. पण केवळ तीस दिवस वाचवण्यासाठी कोणा माणसाला धर्म बदलायला लावणे मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही, त्याच्या श्रद्धेच्या बाजूने नाही आणि आपल्या श्रद्धेच्या बाजूनेही नाही.

विक्रांत_७८

ईशा, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या ओळखीतले दोन्ही वर अनेक वर्षे भारतात राहिलेले आणि मनाने आधीच या धर्मात आलेले होते, हा फरक मी लक्षात घेतला नाही. मृण्मयीने माझा सल्ला बाजूला ठेवावा. तरीही नोटीस भिंतीवर लावण्याची पद्धत मला पटत नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्न करताना घरचा पत्ता जगाला का दाखवावा?

सौदामिनी

विक्रांतराव, या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांना या नोटिशीमुळे झालेला त्रास मी जवळून पाहिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करावी की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. पण तो निर्णय तेथला आहे, कायद्यातले कलम आजही तसेच आहे, आणि आपल्याकडील कार्यालये तीस दिवसांशिवाय पुढे जात नाहीत. मृण्मयीने तेवढे दिवस धरूनच चालावे. आणि हरकत घेणाऱ्यालाही कायद्यातल्या अटींपैकी एखादी मोडली आहे हे दाखवावे लागते. ‘मुलगा परदेशी आहे’ ही हरकत होत नाही.

मृण्मयी_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्रीरंगकाका, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी स्वतः विचारले की ते काचेचे कपाट नेमके कोठे असते.

आता कागदांविषयी विचारते. अविवाहित असल्याचा दाखला जपानकडून कसा मिळतो? आणि त्यांच्याकडे ‘कोसेकी’ नावाची कुटुंबनोंद आहे असे तो सांगतो, ती पुरेल का?

तोक्योवासी

मी स्वतः जपानमध्ये एका जपानी मुलीशी विवाह केला आहे आणि त्याची नोंद दोन्हीकडे केली आहे. कोसेकी म्हणजे त्यांच्या कुटुंबाची अधिकृत नोंदवही. जन्म, विवाह, घटस्फोट, दत्तक, सारे तीत असते. ती जपानीत असते, म्हणून भारतातील अधिकाऱ्याला तिचा उपयोग होत नाही. मात्र तिच्या आधारे जपानचा वकिलात-विभाग विवाहाची पात्रता असल्याचा दाखला देतो आणि जन्माचा दाखलाही देतो. महाराष्ट्रातील जोडप्यांसाठी मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावास आहे. नव्या प्रती आणायला सांगा, जुनी प्रत बहुधा घेत नाहीत.

दुसरे, भारतात विवाह झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याने जपानी अधिकाऱ्यांना कळवावे लागते, म्हणजे त्याच्या कोसेकीत तुमचे नाव पत्नी म्हणून चढते. तुमची स्वतंत्र कोसेकी होत नाही. आडनाव आपोआप बदलत नाही. त्याला तुमचे आडनाव घ्यायचे असेल, तर सहा महिन्यांच्या आत साध्या अर्जाने घेता येते.

तिसरी गोष्ट आपल्या मराठी माणसांची खास आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. आपल्याकडे कोठे आडनाव आधी, कोठे शेवटी, मध्ये वडिलांचे नाव, पासपोर्टवर वेगळे, आधारवर वेगळे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. नोटिशीत नाव लिहिताना पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षरन् अक्षर लिहा. माझ्या प्रमाणपत्रात बापाचे नाव गळले आणि ते दुरुस्त करण्यासाठी मला सुट्टी काढून भारतात यावे लागले.

केतन_नाशिक

मृण्मयीताईंचा शेवटचा प्रश्न राहून गेला आहे, त्यावर लिहितो. माझी पत्नी ब्राझीलची आहे. ती प्रवासी व्हिसावर आली असताना आमचे लग्न झाले.

विवाह झाला म्हणून परदेशी जोडीदाराला भारतात राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हे आम्हाला उशिरा समजले. विवाहाचे प्रमाणपत्र एक गोष्ट, व्हिसा दुसरी. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी एक्स-२ प्रकारचा प्रवेश-व्हिसा असतो. प्रवासी व्हिसाची मुदत चालू असतानाच त्याचे या प्रकारात रूपांतर करण्याचा अर्ज परदेशी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन यंत्रणेवर करता येतो. मुदत संपल्यावर मात्र नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास व परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे, आणि मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे एक दिवसही इकडे-तिकडे होऊ देऊ नका.

आमच्या अर्जानंतर दोघे एकत्र राहतात की नाही याची चौकशी करायला पोलीस घरी आले. शनिवारची दुपार होती, पत्नी आईबरोबर पापड वाळत घालत होती, तिचे हात पिठाने भरलेले. हवालदारांनी लग्नाचे फोटो पाहिले, शेजारच्या काकूंना दोन प्रश्न विचारले, आणि निघताना आईला म्हणाले, “सूनबाईंना मराठी शिकवा, पुढे उपयोगी पडेल.” तिने “शिकतेय” असे उत्तर दिले, तेव्हा ते हसले. चौकशीची भीती बाळगू नका, पण घरात दोघांच्या नावाचे काही कागद असू द्या.

आणखी एक. परदेशी पाहुणा घरी उतरला, तरी त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नोंदणी कार्यालयाला ‘फॉर्म तीन’ने (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) कळवायची असते. हे फक्त हॉटेलांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. आम्ही तो पहिल्याच दिवशी भरला होता आणि पुढे वास्तव्याचा पुरावा म्हणून त्याचाच उपयोग झाला.

सौदामिनी

केतनराव, उत्तम माहिती. त्यात भर घालते. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतात दीर्घकाळ येण्या-राहण्याची मुभा देणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी, विवाह नोंदलेला असावा लागतो आणि अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. जोडीदार स्वतः, किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा पूर्वी असतील, तर ते मिळत नाही. विवाह कायद्याने संपुष्टात आला, तर जोडीदार म्हणून मिळालेले कार्डही जाते. नागरिकत्वासाठी भारतीयाच्या जोडीदाराला सात वर्षे येथे वास्तव्य लागते आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही.

आणि एक विषय, जो लग्नघरात कोणी काढत नाही. अविभक्त कुटुंबातील हिंदू व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली अहिंदू व्यक्तीशी विवाह केला, तर ती कायद्याने त्या कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते, आणि वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. वडिलार्जित शेती किंवा वाडा असेल, तर आधी बोलून घ्या. यात कोणाचा अपमान नाही, नंतरच्या मनस्तापापेक्षा हे बरे.

गोमंतक

गोव्यातल्या वाचकांसाठी : आमच्याकडे चित्र वेगळे आहे. येथे पोर्तुगीज काळापासूनची समान नागरी संहिता आहे. नागरी निबंधकापुढे आधी विवाहाच्या इच्छेची सही, आणि ठरावीक काळानंतर दुसरी, म्हणजे कायमची सही, अशा दोन सह्या होतात. पहिल्या सहीला लोक लग्न झाले असे समजतात आणि दुसरी राहून जाते. शिवाय विवाहापूर्वी वेगळा करार नोंदवला नाही, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. समुद्रकिनाऱ्यावर समारंभ करून घरी जाणाऱ्या परदेशी जोडप्यांना हे कोणीच सांगत नाही.

आरती_एडिसन

उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी लिहिते, कारण येथे न्यू जर्सीत मला दर काही महिन्यांनी हाच प्रश्न विचारला जातो. भारतातून अभ्यागत व्हिसावर आलेल्या व्यक्तीने अमेरिकन नागरिकाशी लग्न करणे बेकायदा नाही. पण येण्यापूर्वीच लग्न करून राहण्याचे ठरले होते आणि व्हिसा अधिकाऱ्याला वेगळे सांगितले, तर ती खोटी माहिती ठरते, आणि तिचा डाग आयुष्यभर पुसला जात नाही. परराष्ट्र खात्याच्या नियमावलीत ९० दिवसांचा निकष आहे. आल्यापासून ९० दिवसांत व्हिसाच्या हेतूशी विसंगत असे काही केले, तर हेतू आधीपासूनच तो होता असे गृहीत धरता येते. त्यासाठी के-१ हा मंगेतराचा व्हिसा आहे, तो घेऊन आल्यावर ९० दिवसांत लग्न करावे लागते. आणि ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना परवानगीपत्राशिवाय आजारी आईला भेटायला भारतात गेलात, तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते. हा प्रसंग माझ्या अगदी जवळच्या घरात घडला आहे.

लेस्टरकर

ब्रिटनमध्ये साध्या अभ्यागत व्हिसावर लग्न करता येत नाही. त्यासाठी विवाहासाठीचा वेगळा अभ्यागत व्हिसा लागतो, आणि लग्न करून परत जावे लागते. येथेच राहायचे असेल, तर मंगेतराचा सहा महिन्यांचा व्हिसा. विवाह नोंदणी कार्यालयात २८ दिवसांची नोटीस असते, आणि ती ७० दिवसांपर्यंत वाढवली जाऊ शकते.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीत आमच्याकडे विवाहक्षमतेचा दाखला मागतात, आणि तो भारत सरकार देत नसल्यामुळे उच्च प्रादेशिक न्यायालयाकडून सूट मिळवावी लागते. त्यात महिने जातात. म्हणून अनेक जोडपी डेन्मार्कला जाऊन विवाह करतात. आम्हीही तेच केले. तेथील कार्यालयाने आम्हाला पूर्ण आदराने वागवले, पण आमच्या दोघांच्या घरचे कोणीही तेथे नव्हते, याची रुखरुख आजही आहे. मृण्मयी, आजींच्या देखत लग्न करण्याची संधी तुम्हाला आहे, तर त्यासाठी दोन फेऱ्या कराव्या लागल्या तरी करा.

मृण्मयी_पुणे

दोन महिन्यांनंतर लिहिते आहे. तो नववर्षाच्या सुट्टीत आला आणि ३० डिसेंबरला आम्ही नोटीस दिली. विमानतळावर त्याला भेटीचे कारण विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले की मंगेतराच्या घरच्यांना भेटायला आलो आहे आणि फेब्रुवारीत विवाहासाठी पुन्हा येणार आहे. अधिकाऱ्यांनी शिक्का मारला आणि अभिनंदन केले. केतनरावांनी सांगितलेला पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म बाबांनी स्वतः बसून भरला. नावे पासपोर्टप्रमाणे तीन वेळा तपासली, तरी लिपिकाने त्याच्या आडनावात एक अक्षर जास्तीचे घातले होते, ते जागेवरच दुरुस्त करून घेतले.

हरकतीचा काळ परवा संपला. विवाह २० फेब्रुवारीला, शुक्रवारी, कार्यालयात आहे, आणि २२ तारखेला ठरल्याप्रमाणे मंगल कार्यालयात सर्व विधी होतील. आजीला दोन्हीकडे यायचे आहे. तो सध्या रोज रात्री दूरध्वनीवर ‘स्वीकारतो’ म्हणण्याचा सराव करतो, आणि बाबा त्याचा ‘स्वी’ सुधारतात.

एकच विचारायचे राहिले. साक्षीदार म्हणून माझी मावशी येणार आहे, पण तिचे ओळखपत्र इचलकरंजीच्या पत्त्याचे आहे. चालेल का?

श्रीरंगकाका

साक्षीदार जिल्ह्यातलाच हवा, अशी अट कायद्यात नाही. आमच्या वेळी एक साक्षीदार बेळगावहून आला होता. मावशींनी मूळ ओळखपत्र, त्याची एक प्रत आणि दोन छायाचित्रे जवळ ठेवावीत. शक्य झाल्यास चौथा माणूस तयार ठेवा, ऐन वेळी कोणाची गाडी चुकू शकते. आणि आजींसाठी घरून एक खुर्ची नक्की न्या, त्या व्हरांड्यात बसायला जागा नसते.